निळ्या दोऱ्याचा अडॅप्टर

३ मार्च, मंगळवार

माझ्या टेबलाजवळचा प्लग आज वन्संनी ताब्यात घेतला. निषेध! दिवा बंद, या आठवड्याचा विनोदी लेख अडलेला, आणि मी खिडकीशी वही धरून निर्वासितासारखी लिहिते आहे. कारण काय, तर त्यांच्या हार्ड डिस्कची डबी घरातल्या दुसऱ्या कुठल्याच प्लगवर चालेना. माझ्याही प्लगवर चालली नाही, ती गोष्ट वेगळी. डबीवरचा दिवा लागतो, आत काहीतरी घुर्र करून उठतं, टक् टक् करतं आणि परत आडवं होतं. आमचे हे सुट्टीच्या दिवशी सकाळी करतात, तसंच — फक्त ह्यांचा दिवाही लागत नाही.

४ मार्च

कॉम्प्युटर म्हणतो, डिस्क जोडलेलीच नाही. समोर दिवा जळतोय आणि हा सरळ नाही म्हणतो! सरकारी नोकरीत शोभला असता.

डबीत काय आहे, ते लिहायला हवं. नोकरी संपल्यापासून वन्सं अंध लोकांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात. वाचन सुरू झालं की पंखा बंद, फ्रिज बंद, कुकरला बंदी, आणि वन्संचं डोकं कपड्यांच्या कपाटात. तिथे आवाज घुमत नाही म्हणे. माझ्या कपड्यांना आता करार कायदा तोंडपाठ आहे. सध्या श्रोता एकच — कुठल्याशा कचेरीतला टेलिफोन ऑपरेटर. सोमवारी त्याची बढतीची परीक्षा. शेवटचं प्रकरण सोडून सगळं पुस्तक या डबीत.

दुसरी प्रत असेलच, म्हटलं. कॉम्प्युटरवर जागा पुरेना म्हणून पुसली, म्हणाल्या.

५ मार्च

केबल बदलली. कॉम्प्युटरची सगळी भोकं आलटून पालटून पाहिली. ह्यांचा ऑफिसचा लॅपटॉप आणला. घुर्र, टक् टक्, गप्प. ह्यांचं मत पडलं, तिला जरा विश्रांती द्या. कॉम्प्युटरच्या दुकानदाराचं मत, डिस्क गेली, खोलून बघायलाच महिना लागेल. दोघांचीही मतं मी मागितली नव्हती. म्हणजे दुकानदाराचं मागितलं होतं.

दुपारी ऑपरेटरचा फोन आला, नेमका मी उचलला. डबीचं एका शब्दाने विचारलं नाही त्याने. आधी वन्संचा घसा कसा आहे ते विचारलं. मग म्हणाला, मागच्या खेपेला एक मित्र वाचून दाखवायचा. कंटाळा आला की पानं गाळायचा, आणि नेमकं गाळलेलंच पेपरात आलं. "ताई गाळत नाहीत. आणि माझी ही शेवटची संधी आहे हो, यापुढे वयात बसत नाही."

वन्संना सांगितलं. त्या डबीपुढे बसून राहिल्या, चहालाही उठल्या नाहीत. आमच्या घरात ही पहिल्या पानावरची बातमी आहे.

६ मार्च

सापडलं!

सकाळी दात घासताना सुचलं. दिवा लागायला वीज लागते चिमूटभर. चकती फिरवायला मूठभर. मिळत असेल चिमूटच, तर? भिंग घेऊन डबी उलटी केली — बारा व्होल्ट, दोन अँपिअर. अडॅप्टरवर — बारा व्होल्ट, एक अँपिअर. हा तर इंटरनेटच्या राउटरचा! पिन सारखी, व्होल्ट सारखे, तब्येत निम्मी. आणि डबीचा दणकट अडॅप्टर राउटर ऐटीत वापरतोय.

आमच्याकडे हे व्हायलाच नको. वन्सं प्रत्येक अडॅप्टरला रंगीत दोरा बांधतात — डबीला निळा, राउटरला काळा, माझ्या फोनला जांभळा, मला न विचारता.

"वन्सं, हा राउटरचा लागलाय."

"काहीतरीच. निळ्या दोऱ्याचाच लावलाय मी. बघा की."

बघितलं. दोरा काळा होता. कोळशासारखा काळा. आता बोलायचंच, म्हणून तोंड उघडलं, तर त्या तो दोरा उजेडात धरून, मान तिरपी करून बघत होत्या. पुन्हा बघत होत्या. मी तोंड मिटलं. अडॅप्टर बदलले. डबी घुर्र करून उठली आणि उठलेलीच राहिली. सगळी प्रकरणं जागच्या जागी! वन्संनी एकेक उघडून ऐकलं.

मग म्हणाल्या, "पण अदलाबदल केली कुणी?"

"मीच केली असेन. धूळ पुसताना."

"तरीच!"

पुढे दोऱ्यांच्या शिस्तीवर बराच वेळ व्याख्यान झालं. ऐकून घेतलं.

७ मार्च

डबीतलं सगळं ऑपरेटरला पोचतं झालं. शेवटच्या प्रकरणाचं वाचन मात्र आज नाही. घसा, म्हणाल्या. जेवताना ह्यांच्याशी तासभर तावातावाने भांडल्या.

८ मार्च, रविवार

वन्सं पुस्तक घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. "वहिनी, याची छपाई फार पुसट आहे. एवढं प्रकरण तुम्ही वाचाल?"

छपाई ठसठशीत होती.

"पुसट आहे खरी," म्हटलं. या बाईच्या आवाजावर लेख लिहून मी आजवर लोकांना हसवलं आणि वर त्याचं मानधन घेतलं. एक प्रकरण वाचून त्यातलं थोडंफार फिटेल. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे उद्या दोघींसाठी वेळ घेते. माझे डोळे दाखवायचेत, एकटीला कंटाळा येतो, असं सांगेन.

कपाटात डोकं घालून सुरुवात केली.

"सावकाश, वहिनी," त्या मागून म्हणाल्या, "त्याला बोटांनी टिपून घ्यायचं असतं."

सावकाश वाचलं. काहीही गाळलं नाही.