उशीबद्दल आणि चार जागांबद्दल आभार

तीर्थस्वरूप आर्लीन मावशीस,

व्हर्लिनचा आयोवातल्या चिखलातून अ‍ॅरिझोनातल्या उन्हाला नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? शेजारच्या ट्रेलरमधले ते नेब्रास्काचे आजोबा पत्त्यांत अजून लबाडी करतात का? इकडे सगळं ठीक आहे. बर्फ वितळल्यावर अंगणात हरवलेले दोन हातमोजे सापडले (दोन्ही डाव्या हाताचे, तेव्हा आनंद अर्धाच), आणि तू पाठवलेली उशी पोचली. हे पत्र उशीचे आभार मानायला. बाकी जे लिहीन ते त्या ओघात येईल, आणि ओघ मोठा आहे, तेव्हा कॉफी घेऊन बस.

माझी बायको फर्न गेल्यापासून दोन वर्षं मी सिंकपाशी उभा राहूनच जेवतो, हे मी तुला फोनवर सांगायला नको होतं. चर्चमध्ये प्रार्थना संपली की कॉफी सुरू व्हायच्या आत पळतो, हेही नको होतं. पण सांगितलं, आणि तू पडलीस माझी मावशी, तू लगेच उशी शिवलीस आणि वर चिठ्ठी टाचलीस, ‘व्हर्लिन, कुठेतरी टेक.’ मावशी, मी टेकलो. असा टेकलो की काउंटीच्या राजकारणात उलथापालथ झाली.

त्याचं असं झालं. फेब्रुवारीत पक्षाची सभा होती. देशाच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी आपला माणूस कोण, हे ठरवायला गाव शाळेच्या जिममध्ये जमलं आणि ज्याला जो पसंत त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहिलं. मी दाराजवळ गारठलो होतो म्हणून हीटर असलेल्या कोपऱ्यात गेलो. तो कोपरा गव्हर्नर ऑस्टबींचा निघाला. (ते डोंगराकडच्या कुठल्याशा राज्याचे माजी गव्हर्नर. त्यांचं नाव ऐकून लोक आधी विचारतात की हे ट्रॅक्टर विकायचे ते का.) ऊब आल्यावर मी निघणार होतो, पण तेवढ्यात काउंटीच्या अधिवेशनाला पाठवायला प्रतिनिधी हवे झाले. कोपऱ्यातल्या प्रत्येकाला त्या दिवशी काहीतरी काम निघालं आणि मला काहीच काम नाही हे गावाला माहीत आहे. अशी माझी निवड झाली. पुढे गव्हर्नर स्वतः आले, कॅफेत माझ्यासमोर बसून त्यांनी डुकराच्या मांसाचं सबंध टेंडरलॉइन सँडविच खाल्लं आणि फर्नबद्दल विचारलं. मी काउंटरला टेकून उभा होतो, तर म्हणाले, तुम्ही उभेच बरे असाल तर उभे राहा, मला मान वर करायची सवय आहे. त्या दिवसापासून मी त्यांचा झालो. हीटरचं निमित्त, बाकी मन माझंच.

आता त्यांचा डाव ऐक. मतं नव्हती, पैसे नव्हते, टीव्हीवर तर पावसाचा अंदाज सांगणाऱ्या बाईला त्यांच्यापेक्षा जास्त वेळ मिळे. त्यांच्या प्रचार कचेरीतून जोलीन नावाची बाई आली. पन्नाशीची, पूर्वी शाळेच्या बसगाड्यांच्या वेळा लावायची. तिने गव्हर्नरांच्या आम्हा नऊ प्रतिनिधींना चर्चच्या तळघरात गोळा केलं आणि सांगितलं की आपल्याला कुणाला पटवायचं नाही, भाषण करायचं नाही, फक्त बसायचं. राज्याच्या अधिवेशनाला जाणाऱ्या चार जागांची वाटणी दिवसाच्या अगदी शेवटी होते. शंभरात पंधरा माणसं ज्याच्या बाजूला नाहीत त्याला काहीच मिळत नाही. सकाळी सभागृहात शंभराच्या वर माणसं असतील तेव्हा आपण नऊ म्हणजे कुणीच नाही. पण संध्याकाळपर्यंत लोक कंटाळून घरी जातात. आपण जायचं नाही. सभागृह जितकं रिकामं, तितके आपण मोठे. आणि इथून एक तरी जागा मिळाली नाही तर गव्हर्नरसाहेब सोमवारी गाशा गुंडाळणार, असंही तिने सांगितलं. हे सांगताना ती आमच्या नऊ खुर्च्यांची रांग सरळ करत राहिली. मला बाई आवडली. कुणी बसायला सांगितलेलं एरवी मला आवडत नाही, हे तुला ठाऊक आहे.

अधिवेशनाच्या दिवशी मी तुझी उशी त्या लोखंडी घडीच्या खुर्चीवर ठेवली आणि बसलो. मावशी, काय उशी केलीस. पलीकडे गव्हर्नरांचे प्रतिस्पर्धी सिनेटर व्हिटकॉम यांची सगळी फौज, पुढे बियाणंवाला डेल्मर क्रुझ (तोच, ज्याने तुला ओल्या मक्याचं बी विकलं होतं). स्वयंपाकघरात डार्लीस हिन्रिक्स. तीही व्हिटकॉमचीच प्रतिनिधी, छातीवर बशीएवढा बिल्ला, पण बीन्स-खिम्याची चिली आणि दालचिनीचे रोल मात्र सगळ्या बाजूंना सारखेच वाढत होती. व्यासपीठावर अध्यक्ष म्हणून ओल्थॉफबाई, ज्यांनी निम्म्या सभागृहाला भूगोल शिकवला आणि उरलेल्या निम्म्याला नापास केलं.

मग ठरावांवर चर्चा सुरू झाली. जोलीनने आमच्या नवातल्या चर्चच्या ऑर्गनवाल्याला सांगून ठेवलं होतं की वेळ जावा म्हणून प्रत्येक ठरावाला एक दुरुस्ती सुचव. हा देवाचा माणूस, सुचवता सुचवता त्याला गोडी लागली. घड्याळाचे काटे वसंतात पुढे ढकलावेत की नाही यावर असा वाद पेटला की गायी कुठल्या घड्याळाने दूध देतात इथपर्यंत गेला. कच्चं दूध विकू द्यावं का यावर तर दोन सख्खे भाऊ बोलायचे बंद झाले (संध्याकाळी धारा काढताना बोलू लागले असतील, गोठा एकच आहे). दुपार उतरली. लोक हळूच कोट उचलून जाऊ लागले. जोलीन भिंतीशी उभी राहून बोटांवर हिशेब करायची आणि आम्हाला डोळ्यांनी धीर द्यायची.

आणि त्यात माझी कंबर धरली. दोन वर्षं उभं राहायला शिकलेली कंबर, तिला इतकं बसणं झेपेना. कॉफी घ्यायला उठायला गेलो तर उठताच येईना. पुढे होता येईना, मागे होता येईना. कोपऱ्यातल्या जुन्या स्टोव्हसारखा मी तिथेच. ऑर्गनवाल्याला वाटलं हा निष्ठेने बसलाय. त्याने माझ्या खांद्यावर थोपटलं, त्याने आणखी दुखलं.

दिवे लागायच्या सुमाराला डेल्मरने सभागृहावर नजर टाकली आणि त्याचा चेहरा पडला. पन्नासेक माणसं उरली होती. त्यांत आम्ही नऊ, म्हणजे चारातली एक जागा आमची. बाकी तीन त्याच्याच होत्या, पण माणसाला एक सोडवेना. आपल्या काउंटीच्या नियमात गणपूर्ती दहाची आहे, कुठल्यातरी बर्फाच्या वर्षी कमी केलेली. आम्ही नऊ! त्याने पटकन हिशेब केला की आपली सगळी माणसं बाहेर पडली तर सभाच मोडेल आणि चारही जागा कार्यकारिणी भरेल. कार्यकारिणी म्हणजे डेल्मरचं जेवणाचं टेबल. त्याने शिट्टी मारली आणि सगळे उठून पार्किंगमध्ये गेले. बरेच जण तसेच गाडीत बसून घरी गेले, गायी थोड्याच नियम वाचतात.

सभागृहात आम्ही नऊ आणि इतक्या खुर्च्या. जोलीन भिंतीला पाठ लावून खाली बसली. (ती आपल्या काउंटीची नाही आणि ओल्थॉफबाई अध्यक्ष, तेव्हा दोघीही मोजणीत नाहीत.) मला गव्हर्नरांचं ते मान वर करून बघणं आठवलं आणि फार वाईट वाटलं. तेवढ्यात डार्लीस आपलं चिलीचं भांडं न्यायला परत आत आली. मला बघून म्हणाली, कोट का घालत नाहीस. मी कारण सांगितलं. तिने भांडं खाली ठेवलं, उरलेल्यातली चिली वाडग्यात ओतून माझ्या हातात दिली आणि शेजारची खुर्ची ओढून बसली.

कागद आवरून झाल्यावर ओल्थॉफबाईंनी चष्म्यावरून मोजलं. दहा.

डेल्मर दारातून ओरडला, “डार्लीस, बाहेर ये. तुझ्यामुळे दहा होतायत.”

“होऊ देत. व्हर्लिनला उठता येत नाहीये. त्याला असा टाकून मी पार्किंगमध्ये काय तुझं तोंड बघत उभी राहू?”

“अगं, पाच मिनिटांचा प्रश्न आहे.”

“मग पाच मिनिटं थांब की.”

“डेल्मर,” ओल्थॉफबाई म्हणाल्या, “मोजणी सुरू झाली की दार बंद असतं. आत ये नाहीतर बाहेर जा. गारठा येतोय.”

डेल्मरला खात्री होती की ती येईल. त्याने बाहेर राहून स्वतःच्या हाताने दार लावलं.

मग नियमाप्रमाणे कोपरे झाले. आम्ही माझ्या खुर्चीलाच कोपरा ठरवलं. डार्लीस चिली वाढायचा डाव हातात घेऊन व्हिटकॉमच्या पाटीखाली एकटी उभी राहिली. दहात एक म्हणजे शंभरात दहा, पंधरा नव्हेत, तेव्हा तिच्या बाजूला काहीच मिळेना. ओल्थॉफबाईंनी विचारलं की तुला बाजू बदलायची आहे का. ती म्हणाली, मी व्हिटकॉमची आहे, फक्त व्हर्लिनची शेजारीण आहे. चारही जागा आम्हाला गेल्या. मावशी, अख्ख्या राज्यात गव्हर्नरांना सगळ्याच्या सगळ्या जागा मिळाल्या अशी ही एकच काउंटी! जोलीनने आधी डार्लीसला मिठी मारली, मग ऑर्गनवाल्याला. मला मिठी नको म्हणून मीच हात पुढे केला.

तेव्हा आभार. तुझ्या उशीचे, चिलीचे, त्या बर्फाच्या वर्षीच्या नियमाचे, आणि डेल्मरचेसुद्धा, कारण तो तीन जागांवर समाधान मानता तर आम्हाला एकच मिळाली असती. मी मनापासून लिहितोय, हसू नकोस.

तुझा,
व्हर्लिन

ता. क. गव्हर्नरांनी मंगळवारी माघार घेतली. पुढच्या राज्यांत हीटर नव्हते. त्यांनी राज्याच्या अधिवेशनाला निवडलेल्या आम्हा चौघांना स्वतः फोन करून आभार मानले आणि आता व्हिटकॉमना मत द्या म्हणाले. म्हणजे एवढी उलथापालथ करून आम्ही डेल्मरचीच माणसं झालो. तो मात्र अजून माझ्याशी बोलत नाही. त्यातल्या ऑर्गनवाल्याच्या मुलीचं लग्न अधिवेशनाच्याच दिवशी आहे, म्हणून त्याच्या जागी आम्ही डार्लीसला पाठवतोय. व्हिटकॉमची प्रतिनिधी शेवटी तीच बरी.

ता. क. दुसरा. तुला म्हणून सांगतो, दुसऱ्या वाडग्याच्या सुमारास माझी कंबर सुटली होती. मोजणीच्या थोडं आधीच. मी कुणाला बोललो नाही. काल डार्लीसला सांगितलं, मनाला लागून राहिलं होतं. ती म्हणाली, “ठाऊक आहे. कंबर धरलेला माणूस तिसऱ्या रोलसाठी टेबलापलीकडे वाकत नाही.” मी विचारलं, मग गेली का नाहीस? तर म्हणाली, “दोन वर्षांत तुला कुठे टेकलेलं पाहिलं नव्हतं. उठवायचं जिवावर आलं.”

ता. क. तिसरा, आणि खरं म्हणजे पत्र यासाठीच. तशीच आणखी एक उशी शिवशील का? निळी. राज्याच्या अधिवेशनालाही, डी मॉइनला, खुर्च्या लोखंडीच असतात म्हणे. अधिवेशन जूनमध्ये आहे, पण तू लवकर पाठव, कारण माझ्या जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्याही तशाच आहेत, आणि डार्लीस रविवारी जेवायला येते.