भाग अकरावा, मंगळवारी

११ जानेवारी २०१५, रविवार
ठरलं. ‘ऑर्बिट सेव्हन’ या टीव्हीवरच्या कळसूत्री बाहुल्यांच्या अंतराळमालिकेच्या प्रक्षेपणाचा खरा इतिहास मीच लिहिणार. रोज दोन पानं. महिनाअखेर पूर्ण.
कारण: आमच्या चाहत्यांच्या क्लबची, मालिकेच्या पन्नास वर्षांची पुस्तिका छापायला जाते आहे. त्यात सेक्रेटरी व्हेरिटी ओलरेनशॉनं लिहिलंय की भाग अकरावा इंग्लंडच्या उत्तरेत, म्हणजे मँचेस्टरकडे, मंगळवारी, २ फेब्रुवारी १९६५ ला लागला आणि आमच्या मिडलँड्समध्ये शुक्रवारी. तेव्हा प्रत्येक विभागाची टीव्ही कंपनी वेगळी, दिवस वेगळा, हे खरं. पण मँचेस्टरवाले आधी आणि आम्ही मागून, हे खोटं. मी तो मंगळवारी पाहिला. स्टोकमध्ये, आमच्या घरात. त्या दिवशी माझा सातवा वाढदिवस होता.

१४ जानेवारी
पानं: शून्य. पण फायली लावल्या. मिडलँड्स लाल, उत्तर निळी.
व्हेरिटीला फोन केला. म्हणाली, डेस, मी सहा वर्तमानपत्रं चाळली, सहाही शुक्रवार म्हणतात, तू कुठलं वाचलंस? मी म्हटलं, मी वाचलं नाही, मी पाहिलं. म्हणाली, बरं, पण तुझं डोकं काही छापता येत नाही रे.
तिचा जन्म १९७१ चा. आणखी काय सांगायचं.

१७ जानेवारी
भक्कम पुरावा आठवला. कमांडर विवराच्या कडेला लोंबकळत असताना चित्र तीनदा गेलं आणि तीनदा आलं. म्हणजे मिडलँड्सच्या प्रक्षेपण मनोऱ्यात बिघाड. बिघाडाची नोंद कुठेतरी असणारच. पत्र लिहायचं. उद्या.

१८ जानेवारी
पत्र उद्या.
नाश्त्याला ओटकेक आणि चीज. नोरीननं विचारलं, त्या दिवशी खोलीत कोण कोण होतं? मी सांगितलं: आई केक कापत होती, ग्लेनिसताई खिडकीपाशी होती, बाबा नव्हते. अशा वेळी बाबा नसायचेच. बाहुल्यांचा त्यांना कंटाळा. मला दोऱ्या दिसतात, म्हणायचे. नोरीन म्हणाली, मग ग्लेनिसला विचार की. बायको झाली तरी तिला संशोधनपद्धती कळत नाही. साक्षीदाराला आधी विचारलं की साक्ष बिघडते.

२२ जानेवारी
पबच्या माडीवर क्लबची बैठक. सहा जण. मी उभा राहून बोललो, अठरा मिनिटं. शेवटी खजिनदार बर्ट्रमनं विचारलं, डेस, तुमच्या गल्लीला स्वतंत्र मनोरा होता का रे? सगळे हसले. बर्ट्रम मूळचा मँचेस्टरचा.
व्हेरिटी हसली नाही. म्हणाली, सही केलेली एक साक्ष आण, छपाईआधी पान बदलते. सोमवार, दोन तारखेपर्यंत.
पान बदललं नाही तर राजीनामा. मसुदा तयार आहे. इतिहासाचा नाही, राजीनाम्याचा.

२९ जानेवारी
ग्लेनिसताई फोन उचलत नाही. शनिवारी स्वतः तिच्या गावी, क्रूला जाणार. साक्ष टाइप केली. तिनं फक्त सही करायची.

३१ जानेवारी
क्रू. ताईनं चष्मा लावून कागद वाचला. म्हणाली, मंगळवार बरोबर आहे. मी पेन पुढे केलं.
म्हणाली, थांब. मंगळवार बरोबर, पण ते मँचेस्टरचं होतं, बाळा. आठवडाभर रडून घर डोक्यावर घेतलं होतंस. तिकडच्या पोरांना माझ्या वाढदिवशी दिसणार आणि मला नाही म्हणून. मग बाबा शिडी लावून छपरावर गेले आणि अँटेना उत्तरेकडे फिरवली. वाऱ्यानं ती ठरेना. अर्धा तास हातानं धरून उभे राहिले. मी खिडकीतून ओरडत होते: गेलं, आलं, गेलं.
मी विचारलं, किती वेळा गेलं?
तीनदा तरी, म्हणाली. बोटं आखडली होती त्यांची.
मला कुणी सांगितलं का नाही, असं विचारलं. म्हणाली, बाबांनीच बजावलं होतं. म्हणाले, त्याला दोऱ्या दाखवू नका.
तिनं कागदावर दोन ओळी हातानं वाढवल्या, मग सही केली. चहा घेतला. परत आलो.

२ फेब्रुवारी, सोमवार
सत्तावन्न पूर्ण.
साक्ष व्हेरिटीला दिली. तिनं दोनदा वाचली. म्हणाली, पान बदलता येत नाही, डेस, शुक्रवार शुक्रवारच राहतो. पण चौदाव्या पानावर तळटीप देते: स्टोकमधल्या एका घरी हा भाग मंगळवारी दिसला.
मी हरकत घेतली. ‘एका घरी’ म्हणजे काय? बाबांचं नाव हवं. आर्थर टनिक्लिफ, छपरावरून. हे आल्याशिवाय मी उठणार नाही म्हटलं. तिनं लिहून घेतलं. टाइप मात्र फार बारीक आहे. त्याबद्दल लेखी तक्रार करणार. उद्या.
राजीनामा तूर्त स्थगित.
साक्षीची प्रत निळ्या फायलीत लावली. लाल फाईल रिकामी आहे.