नंदाचे जिवंतपणीचे श्राद्ध

रवि., ४ जाने., घाटकोपर
नंदा चारकोपहून आली ती थेट माझ्या पुस्तकांच्या कपाटापाशी बसली. ही माझी धाकटी बहीण त्या निर्नाम परिवार नावाच्या पंथात जाऊ लागल्यापासून प्रथमच काही विचारत होती. ‘दादा, आत्मश्राद्ध म्हणजे नक्की काय रे?’ निवृत्त संस्कृत शिक्षकाला याहून गोड प्रश्न कोणता! क्रमाने सांगितले : संन्यास घेणारा आठ श्राद्धे करतो, आरंभ देवांपासून, शेवटचे स्वतःचे. जगाच्या लेखी तो गेला. नाव, घर, नाती सुटली. किती तर्कशुद्ध रचना! ती टिपून घेत होती.
मग म्हणाली, ‘माझं अठराला आहे. आरे कॉलनीत. नंतर तिकडेच राहायचं.’

बुध., ७ जाने.
आईला सांगितलेले नाही. पक्षाघातानंतर तिला अंघोळ नंदाच घालते. माझा हात लागला की आई डोळे घट्ट मिटते.
‘आईचं काय?’
‘तू आहेस ना.’
‘ती मला साडी बदलू देत नाही गं.’
‘मग बाई ठेव. मीच का, दादा? केस पिकले माझे या खोलीत.’
तिचे चुकते असेही नाही. म्हणूनच वाद घालता येत नाही.

रवि., ११ जाने.
चारकोप. औद्योगिक वसाहतीतला गाळा. खाली छपाईयंत्रांची घरघर, वर निर्नाम परिवार. प्रमुखांना सारे ‘अग्रज’ म्हणतात. पूर्वी जाहिराती करत. त्यांनी अठराचा विधी वाचून दाखवला. शेवटी काकस्पर्श! मी शांतपणे समजावले, की संन्यासात कावळा नाही. तो दहाव्याचा, मृताच्या राहिलेल्या इच्छेसाठी. दोन विधी एकत्र शिवले आहेत.
‘सर, लोकांना काहीतरी दिसायला लागतं ना! पण काय सांगता यार तुम्ही! एक सेशन घ्या आमच्याकडे.’
मी खुललोही असेन. नंदा कानाशी म्हणाली, ‘दादा, शाळा सुटली रे तुझी.’

शुक्र., १६ जाने.
नंदाने आईची नखे कापली, वेणी घातली.
आई : ‘आज काय गो, लग्नाक जातंस?’
नंदा हसली. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

रवि., १८ जाने.
आरे. तबेल्यामागे मोकळी जागा. नंदाने स्वतःचे नाव घेऊन पिंड ठेवला. छपरावर कावळेच कावळे, एकही उतरेना. अशा वेळी आप्ताने पुढे होऊन, गेलेल्याची राहिलेली इच्छा पुरी करण्याचा शब्द द्यायचा असतो. सगळे माझ्याकडे पाहू लागले. वाक्य ठाऊक होते : ‘आईचं मी बघेन.’ एवढेच. बोललो नाही.
ऊन चढले. भातावर माशा.
अखेर अग्रज म्हणाले, ‘चला, दर्भाचा कावळा करू. तोच पिंडाला लावू.’ कुणीतरी दर्भ वळून तिच्या हातात दिला. तिने तो लावला नाही, माझ्याकडे वळली.
‘दादा, दर्भाचा चालतो? खरं सांग. तू म्हणशील ते.’
चालतो. कावळा न आल्यास हाच पर्याय. विद्यार्थ्यांना किती वेळा सांगितले आहे.
‘बघून सांगतो,’ म्हणालो.
पिंड तसाच ठेवून ती माझ्याबरोबर परत आली. आत्ता आईला पेज भरवते आहे. भांडे ठेवून बाहेर आली, की विचारील, ‘बघितलंस का, दादा?’