हाकेची ओवरी

सोमवार, २ फेब्रुवारी १९९८

सातपूरच्या आयाबापांनो, तुमच्या पोरी मौनाच्या नावाखाली या मठात बसल्या आहेत आणि वर्षभरात एकीचाही आवाज तुमच्या कानी पडलेला नाही. देवाला आपल्या लेकरांची वाचा कशाला हवी? हाच सवाल मी कारखान्याच्या गेटसभेत केला होता. आज उत्तर शोधायला साधिका होऊन आत आले आहे. ही रोजनिशी तुम्हालाच वाचून दाखवीन. ठरल्याप्रमाणे रविवारी दरवाजाबाहेर जमा व्हा. मी आतून हाक मारली की ओ द्यायची आणि आत घुसायचं!

चांदवडच्या डोंगराआडची ही जागा मात्र झकास. मधे फरसबंद चौक, भोवती खांबांच्या ओवऱ्या, एकेकीला एक. कोपऱ्यातली तेवढी रिकामी. माझी भाची संध्या समोरच राहते. मला पाहून हसली, बोलली नाही. चंद्राक्का, तुझी लेक खुशाल आहे गं!

बोलते ती एकटी यशोदाबाई, म्हातारी स्वयंपाकीण. ठार बहिरी. मला म्हणाली, "तोंड लय चालतंय गं तुझं! कांदं चिरायला बस, म्हंजी तरी मिटंल."

मंगळवार, ३ फेब्रुवारी

भर दुपारी चौकात भाषणच ठोकलं. पोरींनो, कुणाला भिता? सगळ्यांच्या माना खाली. संध्याने धावत येऊन माझे कान दाबून धरले आणि कोपऱ्यातल्या ओवरीकडे बोट दाखवलं. म्हातारीसारखं बहिरं व्हायचं की काय! मी हसले.

बुधवार, ४ फेब्रुवारी

जेवताना मागून हाक आली, "मावशी!" संध्याचा आवाज, वर्षभराने ऐकला. मी आनंदाने "ओ" दिली.

संध्या माझ्या समोर बसली होती. ओठ मिटलेले. तोंडात घास. तिने कपाळ बडवून घेतलं.

हाक कोपऱ्यातल्या ओवरीतून आली होती. जाऊन पाहिलं. आत कुणी नाही.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

आवाज गेला. ओरडते तर नुसता श्वास निघतो. संध्याने धुळीत बोटाने लिहिलं, आम्ही सगळ्यांनी ओ दिली. म्हणजे हे व्रत नाहीच. म्हातारीला हाक ऐकूच आली नाही, म्हणून ती बोलते.

दरवाजाकडे पळाले. उंबऱ्यावर श्वासही थांबला. मागे आले तेव्हा सुटला.

शनिवार

ओवरी भाषण करते आहे. माझ्या आवाजात. माझीच वाक्यं, माझाच जोर — कुणाला भिता — कुणाला —

कान दाबले तरी —

रविवार

तुम्ही आलात. घोषणा ऐकू येतात. आक्का, तुझा खोकला ओळखला.

ओवरी तुम्हाला हाका मारते आहे. तुझं नाव घेते आहे — मी घेते तसंच, लाडाने —

वही यशोदाबाईकडे देते, ती दरवाजाच्या फटीतून बाहेर टाकील — लवकर वाचा — तो आवाज माझा आहे, हाक माझी नाही. आयाबापांनो, ओ देऊ नका. आक्का, लेकीने हाक मारली तरी — ओ देऊ न