ट्रक आला की उतरून उभं राहायचं

माय,

तू गेलीस तेव्हा मुलचेऱ्याकडून आपल्या गावावरून जाणारा रस्ता जेमतेम एका गाडीपुरता होता. समोरून एस.टी. आली की बंडीवाला बैल खाली मुरमात उतरवायचा आणि ड्रायव्हर खिडकीतून हात काढून त्याला नमस्कार करायचा. दोन्ही अंगांना मोहाची मोठमोठी झाडं होती, ऐन उन्हाळ्यातही रस्ता सावलीत असायचा. आता तू तो ओळखणार नाहीस. पलीकडच्या डोंगरात खाण सुरू झाली, तिथला लोखंडाचा दगड भरून ट्रक दिवसभर जातात, एकामागे एक, आणि कडेच्या शेतांतलं, बांध्यांमधलं धान लाल धुळीनं माखून जातं. मी त्याच रस्त्यावरच्या एका गावात राहते आणि शिकवते. शाळा गावाबाहेर रस्त्याला लागून आहे, सातवीपर्यंत. पुढं शिकायचं तर पोरींना मोठ्या गावच्या हायस्कुलात जावं लागतं, सायकलनं, याच रस्त्यानं. मला तुला त्यातल्या एका पोरीबद्दल सांगायचं आहे. पण ते सांगायला बसले की आधी तूच समोर येतेस, ओचा खोचून, हाताला काळं तेल लागलेली.

तू सायकल शिकलीस ती किती उशिरा! बाबा गेले, तुला नर्सची नोकरी लागली, आणि उपकेंद्र मिळालं ते असं, की त्याच्या निम्म्या गावांना बस जातच नव्हती. सरकारी सायकल होती, पुरुषांची, काळी, मधे दांडा असलेली. कापणी झालेल्या बांधीत तू शिकत होतीस आणि शेताच्या धुऱ्यावर बसलेल्या बाया ओरडत होत्या, "पडली व, सिस्टरबाई पडली!" तू पण हसत होतीस. उठून पदराची माती झटकायचीस आणि परत दांड्यावरून पाय टाकायचीस. पहिल्याच आठवड्यात निरी चेनमध्ये अडकून फाटली. त्यानंतर तू जुन्या ट्यूबची पट्टी कापून उजव्या पायाशी निऱ्या बांधायला लागलीस. लसीचा डबाही तसल्याच पट्ट्यांनी कॅरिअरला आवळलेला असायचा. हँडलला पिशवी अडकवलेली तुला चालत नसे. कुणी अडकवलेली दिसली तर भर बाजारात थांबून सांगायचीस, "ते काढ आंधी. वळताना चाकात जाते अन् तोंडावर पडशीन."

पावसाळ्यात ओसरी गळायची म्हणून तू सायकल सैपाकघरात आणायचीस. अजून दिसतं मला. चुलीवर भात रटरटतो आहे, सायकल सीटवर आणि हँडलवर उलटी उभी आहे, तू एका हातानं पायडल फिरवते आहेस आणि दुसऱ्या हातात रॉकेलचं फडकं चेनला धरलं आहे. मी पाट्यापाशी बसून गृहपाठ करते आहे. "इकडे ये," तू म्हणतेस. "बोट लाव. दाब. पाह्य, इतकीच हालली पायजे. जादा ढिली झाली का उतरते, जादा कसली का तुटते." मग चाकाच्या ब्रेककडं नेतेस. "हे रब्बर कुठी लागते?" मी म्हणते, चाकाला. "चाकाले म्हंजे कुठी? रिमले. टायरले लागलं तं टायर कापते." एकदा मशीनचं तेल संपलं होतं म्हणून तू मोहाच्या बियांचं तेल चेनला घातलंस. दोन दिवसांत चेनवर धुळीचा असा थर बसला, की तू स्वतःलाच शिव्या देत तो खरवडत होतीस आणि मी हसले म्हणून माझ्या नाकाला काळं बोट लावलंस.

माझी दहावी झाली तेव्हा तू चंद्रपूरहून माझ्यासाठी बिनदांड्याची सायकल आणलीस. वापरलेली होती, हिरवी. एस.टी.च्या टपावर बांधून आणलीस आणि स्वतः वर चढून दोर सोडलास. मी लगेच बसायला निघाले तर हात धरून मागं ओढलंस. समोर उभी राहिलीस, पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरलंस आणि हँडल पिळून पाहिलंस. ते फिरलं. "पायलं? चालता चालता असं फिरलं असतं तं?" पाना घेऊन ते आवळलंस, सीट खाली केलीस, मला बसवून टाच पायडलवर ठेवायला लावलीस, पाय सरळ होतो का ते वाकून बघितलंस. अंधार पडेपर्यंत मला चालवायला मिळाली नाही. मी रडले होते.

आणि तो नाल्याचा उतार. मागचा ब्रेक लागत नाही हे मला ठाऊक होतं, तरी मी चपला घासत घासत वरून आले आणि नेमकी तू खाली उभी. घरी आल्यावर सायकल आत घेतलीस. "काऊन व, जीव नको झाला का तुले?" एवढंच म्हणालीस. नवीन रबर बसेपर्यंत मी अकरावीच्या वर्गाला पायी गेले. त्याच दिवसांत तू मला ट्रकचं शिकवलंस. तेव्हा बांबूचे ट्रक चालायचे, दिवसाला एखाददुसरा. "टरक आला का चालवत नको राहू. उतरजो. पार खाली मुरमात उभी राहजो. सायकल रस्त्याच्या अंगाले, आपुन झाडाच्या अंगाले. तो गेला, धूळ बसली, का मंग निंघजो."

हे सगळं मी पोरींना शिकवलं, माय. जसंच्या तसं. शाळकरी पोरींसाठी सरकारच्या सायकली गाडीत भरून येतात तेव्हा नुसत्या जोडलेल्या असतात, कसलेल्या नसतात. शेजारच्या बंगाली निर्वासितांच्या कॅम्पातले एक दादा सायकली दुरुस्त करतात, त्यांना मी बोलावते. ते पहिल्याच सायकलीला हात लावून म्हणतात, "दिदी, ये तो सब ढीला है," आणि मग आम्ही दोघं व्हरांड्यात बसून एकेक सायकल कसतो. पोरी बाजूला उभ्या असतात. प्रत्येकीनं स्वतःची सीट स्वतः लावायची, दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढं ढकलून बघायची, चाक गुडघ्यांत धरून हँडल पिळायचं. दांड्याखालून पाय घालून, कैची मारून चालवणाऱ्या लहान पोरींनाही मी हे करायला लावते. रस्त्यावर एकीमागे एक, शेजारी शेजारी नाही. आणि ट्रक आला की उतरायचं.

ती पोरगी या सगळ्यात पुढं होती. उंच, पायांनी लांब, वर्गात बाकावर मावायची नाही. तिच्या घरी सायकल आली ती पहिलीच. आठवडी बाजाराच्या दिवशी ती आजीला कॅरिअरवर बसवून न्यायची. आजी दोन्ही हातांनी तिची कंबर धरून डोळे मिटून बसायची. सायकलीत कुठं काही वाजलं की ती माझ्याकडं हजर. "बाई, मायी सायकल कचकच करून राह्यली." मी म्हणायची, कुठं वाजतं ते शोध. ती कान लावायची, पायडल मागं फिरवायची, आणि सापडलं की असा चेहरा करायची जसं काही चोर पकडला. हायस्कुलात गेल्यावरही रस्त्यातून घंटी वाजवून हात करायची. एकदा थांबून विचारलं, "बाई, सायकलची रेस असते का कुठी? खरीखुरी?" मी म्हटलं, असते. "मंग नाव टाका न मायं." मी म्हटलं, चौकशी करते. केलीही होती.

दिवाळीनंतर शाळा उघडली त्याच आठवड्यातली गोष्ट. सकाळ होती. ती आणि तिची मैत्रीण, एकीमागे एक. मागून ट्रक आला तशी दोघी उतरल्या. समोरूनही ट्रक येत होता. दोघी मुरमात गेल्या, सायकली रस्त्याकडं आणि स्वतः आतल्या बाजूला. समोरच्याला वाट द्यायला मागचा ट्रक डांबर सोडून डावीकडं खाली आला. मैत्रीण मागं होती, ती खड्ड्यात पडली आणि वाचली. माझी पोरगी पुढं होती.

मला शाळेत निरोप आला. मी गेले तेव्हा लोक जमले होते, ट्रकांची रांग लागली होती. तिच्यावर कुणीतरी दुपट्टा टाकला होता. खड्ड्यातून काढलेली मैत्रीण झाडाच्या बुंध्यावर बसली होती. कापलेलं झाड, नुसता बुंधा. मला बघताच ती उठली आणि पाढा म्हणावा तसं म्हणाली, "बाई, आमी उतरलो होतो. आमी मुरमात होतो. सायकल रस्त्याच्या अंगाले होती बाई." मी तिला जवळ घेतलं. ती तेच म्हणत राहिली.

गेलेल्या पोरीची आई दुसऱ्या दिवशी माझ्याशी बोलली. मोह वेचणारी, धानाची रोवणी करणारी बाई, एरवी शाळेत आली तरी दाराबाहेर उभी राहणारी. तिनं मला आत बोलावलं, बसायला चटई टाकली. "बाई, लोकं म्हंतात पोरगी खेळत होती रस्त्यावर. तुमी सांगा त्याईले. तिनं तुमचं आयकलं होतं." माय, तिच्या बोलण्यात दोष नव्हता. असता तर मला बरं झालं असतं. तिला फक्त लोकांनी पोरीला उनाड म्हणू नये एवढंच हवं होतं. मी पोलिसांना सांगितलं, सरपंचाला सांगितलं, ज्यानं विचारलं त्याला सांगितलं. ड्रायव्हर सुटला. गावानं रस्ता अडवला, एक दिवस ट्रक थांबले, शाळेपाशी गतिरोधक टाकून मिळाला. पावसात तो वाहून गेला आणि पुन्हा कुणी टाकला नाही.

मग सायकल सुरक्षेचा कार्यक्रम झाला. आमच्याच शाळेच्या मैदानात मंडप. साहेबलोक आले, त्यांनी पोरींना चमकणाऱ्या पट्ट्या वाटल्या आणि सायकल जपून चालवा म्हणून भाषण केलं. मला म्हणाले, बाई, तुम्ही शिकवता ना, चार शब्द बोला. मी उठले. रोजचंच सांगायला लागले, कारण दुसरं मला येत नाही. हवा तपासा. ब्रेक तपासा. ओढणी बांधा. एकीमागे एक चाला. ट्रक आला की उतरून कडेला उभं राहा. तिथं मी थांबले. पुढच्या रांगेत ती मैत्रीण बसली होती. तिनं उभं राहून विचारलं, अगदी साधं, वर्गात विचारतात तसं, "अन् मंग बाई?"

मी म्हटलं, "झाडाच्या मागं उभं राहा."

"झाडं तं तोडली न बाई."

साहेबांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि कार्यक्रम संपला.

ती मैत्रीण आता हायस्कुलात जात नाही. बाकीच्याही एकेक करून घरी बसल्या. कुणाच्या बापानं नाही म्हटलं, कुणी स्वतःच. एकीचं या उन्हाळ्यात लग्न झालं. तिला मांडवात उभं बघितलं तर तिची नववीची वेणी अजून तशीच होती. सायकली आता भाऊ वापरतात, नाहीतर त्यांच्यावरून सरपण येतं. मी बससाठी अर्ज केले. उत्तर आलं, प्रवासी कमी आहेत. खरंच आहे ते, आता प्रवासीच नाहीत. गेलेल्या पोरीची धाकटी बहीण माझ्या सातवीत आहे. परवा मी तिच्या आईला विचारलं, पुढच्या वर्षी हिचं काय. ती चुलीत लाकूड सरकवत होती. "तुमी म्हना, बाई. तुमी म्हनान तं पाठवतो." मी चहा पिऊन उठले. मी म्हटलं नाही. पाठवा म्हणून नाही, नका पाठवू म्हणूनही नाही.

तू असतीस तर काय म्हणाली असतीस हे मी पुष्कळ वेळा शोधलं. तुला काहीतरी सुचलं असतं असं लहानपणी मला वाटायचं, आता वाटत नाही. तू शिकवलंस ते त्या रस्त्यासाठी बरोबर होतं. हा रस्ता वेगळा आहे, आणि यावर बायकापोरींनी काय करायचं हे कुणालाच ठाऊक नाही. तुझ्यावर राग नाही. थोडा आहे कदाचित. एवढ्या खात्रीनं का सांगायचीस ग?

हे कुठं पाठवणार, म्हणून इथंच थांबते. कागद शाळेच्या कपाटात जुन्या नकाशांखाली ठेवीन, तिथं कुणी हात घालत नाही. एक मात्र कुणाला सांगितलेलं नाही ते तुला सांगते. मी रोज घरून सायकल घेऊन निघते, गावातून घंटी वाजवत जाते, पोरींना दिसलं पाहिजे म्हणून. शेवटचं घर गेलं की उतरते आणि शाळेच्या फाटकापर्यंत सायकल हातात धरून शेतातल्या पायवाटेनं चालत जाते. कुणी भेटलं तर पंक्चर आहे म्हणते.