मला जिवंत करण्याबाबत

आदरणीय शालूवहिनींस, धोंडिरामचा जय भीम. पत्रास कारण एवढंच की मी जिवंत आहे.

तुमचा गुडघा कसा आहे? सेलमची हवा मानवली का? तुमच्या लेकाचं, जयराजचं सोनं गाळायचं दुकान बरं चालत असेल. अकरा वर्षांनी पत्र, तेही असं, म्हणून रागावू नका. फोनच करणार होतो, पण मेलेल्या माणसाचा फोन उचलायला कुणाची छाती होईल?

तर वहिनी, तुमच्या धन्याच्या, आपल्या नाथाजीच्या आयुष्यावर त्या वाईच्या रेश्मानं काढलेला कार्टूनचा सिनेमा सांगलीत लागला. (त्याच्या कार्यक्रमांच्या कॅसेटी तुम्हीच दिल्यात तिला, म्हणजे निम्मा गुन्हा तुमचा.) नाथाजीनं जन्मभर स्वतःबद्दल ज्या थापा मारल्या, त्या सगळ्या पोरीनं खऱ्या धरून रंगवल्यात. तो उसाच्या गाडीत जन्मला म्हणे. भरतीत छाती मोजताना त्याला गुदगुल्या झाल्या, आणि तो इतका हसला की सगळी रांग हसून नापास झाली म्हणे. अहो, तो भरतीला गेलाच कधी? गेलो होतो मी! गुदगुल्या मला झाल्या, परतही मलाच पाठवलं. पण तीस वर्षं स्टेजवर प्रश्न विचारायचा मी आणि हशा घ्यायचा त्यानं, तसं आयुष्यही माझंच घेतलं. असो.

हाच गुदगुल्यांचा किस्सा त्यानं आमच्या लेकीच्या, दीपमालाच्या लग्नाच्या सुपारीत सांगितला, हे तुम्हाला आठवत असेल. तिथं मात्र त्यानं तो माझ्या नावावर घातला, आणि वर शेपूट जोडलं की मी लष्कराची मोजायची टेप घेऊन पळालो. व्याही पडले रिटायर सुभेदार. ताटावरून उठले. लग्न कसंबसं वाचलं. मी भर मांडवात म्हणालो, ‘आजपासनं तू मला मेलास.’ त्यानं काय करावं? पुढच्याच कार्यक्रमात मलाच मारलं! कृष्णेच्या पुरात, एका शेळीला वाचवताना.

सिनेमात इंटरव्हलनंतर मी तसाच मरतो. शेजारी ते व्याहीच बसलेले. डोळे पुसत माझाच हात धरून म्हणाले, ‘लय मोठा माणूस हुता!’ (मी समोर बसून जेवतो तेव्हा असं कधी म्हणाले नाहीत.) गावात तर वैताग आहे. अर्जुना न्हावी वस्तरा थांबवून विचारतो, ‘आवं तात्या, तुमी तर वाहून गेलासा न्हवं? मग ही दाडी मी कुणाची करतोय?’ बयाबाई आपली शेळी घेऊन पाया पडायला आली. तिला समजावता समजावता शेळीनं माझं रेशनकार्ड खाल्लं.

रेश्मा म्हणते, मोबाइलवर यायच्या आधी सिनेमा बदलता येईल, पण कॅसेटी तुमच्या, म्हणून शब्द तुमचा हवा. तेव्हा वहिनी, कृपा करून मला जिवंत करा. पुरातून बाहेर काढून नुसता चहा पिताना दाखवलं तरी चालेल.

जयराजला आशीर्वाद. आपला दीर,
धोंडिराम

ता. क. : सिनेमात मला पिळदार मिशा दाखवल्यात. मी कधी ठेवल्या नाहीत, पण शोभतात. त्या राहू द्या म्हणावं.

ता. क. दुसरा : वहिनी, वरचं सगळं सोडून द्या. मी नंतर दोनदा एकटाच जाऊन सिनेमा पाहिला. मी वाहून गेल्यावर चित्र थांबतं आणि कॅसेटमधला नाथाजीचा खरा आवाज येतो. ‘“मग काय झालं रं?” आसं इचारणारा माजा गडी ग्येला. आता मीच सांगतो, मीच इचारतो.’ आणि मग तो रडतो. त्याचं स्टेजवरचं खोटं रडणं मी तीस वर्षं जवळून ऐकलंय. हे ते नाही. त्यानं माझ्यासाठी एवढं केलं आणि मी त्याच्या मातीलाही आलो नाही, याची फार लाज वाटते. मला वाचवलं तर ते रडणं काढावं लागेल, असं रेश्मा म्हणाली. तेव्हा तिचा फोन आला तर सांगा, धोंडिराम मेला तोच बरा.