दोन गच्च्या, एक इन-चार्ज

३ मार्च, सोमवार
आजपासून नियमित रोजनिशी. मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, आपली इमारत आणि शेजारची इमारत एका नेटवर्कवर कोण आणेल? सगळे टेबलाकडे बघत बसले. मी हात वर केला. शुक्रवारी काम पूर्ण. मग सिस्टिम इन-चार्जची खुर्ची माझीच, असं साहेब म्हणाले नाहीत, पण रोख तोच होता.
घरी बायको म्हणाली, माझा भाऊ हेच काम करतो, त्याला विचारा. मेव्हण्याला विचारून मिळालेली खुर्ची मला नको.

४ मार्च
दोन्ही गच्च्यांवर एकेक डिश. मधे वायर नाही, हवेतून कनेक्शन. इलेक्ट्रिशियन म्हणाला, आपली डिश समोरच्या डिशकडे नाही, पाण्याच्या टाकीकडे बघतेय. त्याला थिअरी समजावली. नंतर डिश थोडी फिरवली. त्याच्या सांगण्यावरून नव्हे.

५ मार्च
ऊन फार. काम नाही. विचार चालू.

६ मार्च, सकाळी ११
मेव्हण्याचा फोन. बायकोनेच चुगली केली असणार. दोन्हीकडच्या कॉम्प्युटरना नंबर वेगवेगळे दिलेत ना, एवढंच विचारत होता. मला हसू आलं. नंबर मीच दिलेत. इथे एकपासून, तिथेही एकपासून. प्रिंटरचा नंबर दोन्हीकडे पन्नास. याला शिस्त म्हणतात. तसं त्याला सुनावलं. त्याने 'बरं' म्हणून फोन ठेवला. पटलं असावं.

७ मार्च, शुक्रवार
१२.१० जोडलं. दोन्हीकडे हिरवे दिवे.
१२.२५ आपल्याकडचे निम्मे कॉम्प्युटर अडले. नवीन गोष्ट रुळायला वेळ लागतो.
१२.४० शेजारचेही अडले. म्हणजे दोन्ही इमारती आता एकसारख्या चालतात. अजून काय पुरावा हवा?
१.१५ साहेबांचं एक गोपनीय पत्र प्रिंटरमधून बाहेर येईना. त्यांनी तीनदा प्रिंट दिली. मी धीर धरायला सांगितलं.
२.०० शेजारच्या इमारतीतल्या टायपिस्टबाईंचा फोन. पत्र त्यांच्या प्रिंटरवर आलं होतं, तीन प्रती. सगळ्यांचं वाचून झालं होतं. बाई म्हणाल्या, "तुम्हीच या घ्यायला. तुमच्याबद्दल आहे."
२.२० आणलं. 'सदर काम बाहेरील तज्ज्ञाकडून करून घ्यावे व इन-चार्जची जबाबदारीही त्यांनाच द्यावी. शुक्रवारपर्यंत यांना प्रयत्न करू द्यावा, उत्साह मोडू नये.' खाली तज्ज्ञाचं नाव होतं. माझा मेव्हणा. पत्रावर तारीख ३ मार्च, म्हणजे सोमवारीच लिहून ठेवलेलं.
वाईट वाटलं. खूपच. छपाई मात्र स्वच्छ होती. माझं नेटवर्क चाललं नाही असं कोणी म्हणू नये.

१० मार्च, सोमवार
मेव्हणा दहाला आला. शेजारचे सगळे नंबर बदलले, मग डिश सरळ करायला गच्चीवरच्या शिडीवर चढला. साडेअकराला दोन्ही इमारती सुरू. साहेबांनी त्याच्यासाठी चहा मागवला.
शिडी मी धरली होती. त्याने वरून विचारलं, "भावोजी, नीट धरलीय ना?"
नीटच धरली होती. या कामात कोणालाही एक चूक काढता आली नाही.